सुंतेनंतर थांबलेले रक्त पुन्हा का येते आणि उतरलेली सूज पुन्हा का चढते

प्रौढ वयात सुंतेची शस्त्रक्रिया झालेल्या पुरुषांची पहिल्या दोन आठवड्यांतली तक्रार बहुधा एकाच स्वरूपाची असते. रक्त थांबले होते, पहाटे पुन्हा आले. सूज उतरली होती, संध्याकाळी पुन्हा चढली. हे पहिल्यांदा घडते तेव्हा रुग्ण घाबरतो आणि दुसऱ्यांदा घडते तेव्हा शस्त्रक्रियाच बिघडली असे त्याला वाटू लागते. त्यानंतर तो एक तर रात्री-अपरात्री रुग्णालय गाठतो किंवा संकोचापोटी कोणालाही काही न सांगता पट्टीवर पट्टी गुंडाळत बसतो. यांपैकी दुसरी गोष्ट अधिक धोक्याची आहे. रक्त किती आले आणि सूज किती आहे याकडे सगळ्यांचेच लक्ष जाते. मात्र ती केव्हा आली, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कोणत्या दिवशी, दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि काय केल्यानंतर, याची नोंद फार थोडे रुग्ण ठेवतात. वस्तुतः कारणाचा उलगडा बहुतेक वेळा या नोंदीतूनच होतो, आणि कारण कळले की घरी काय करायचे व डॉक्टरांकडे केव्हा जायचे हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

रक्त चालू असताना

आत्ता रक्त येत असेल तर कारणांचा विचार नंतर करा. आधी दाब द्या. हात साबणाने धुऊन पाठीवर आडवे व्हा, निर्जंतुक गॉजची जाड घडी घ्या आणि रक्त नेमके कोठून येत आहे ते एकदाच नीट पाहून घ्या. बहुतेकदा ते शिश्नमुंडाच्या, म्हणजे शिश्नाच्या पुढच्या बोंडाच्या, खालच्या बाजूने, जेथे त्वचेची उभी पातळ दोरी शिश्नमुंडाला जोडलेली असते त्या फ्रेन्युलमपासून येते, कारण त्या भागात एक लहान पण जोरकस धमनी असते आणि टाक्यांवर ताणही तेथेच सर्वाधिक पडतो. त्या जागेवर घडी ठेवून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती घट्ट धरा व घड्याळ लावून सलग १५ मिनिटे दाबून ठेवा. संपूर्ण शिश्न मुठीत आवळण्यापेक्षा रक्त येणाऱ्या एका जागेवर दिलेला दाब कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

या १५ मिनिटांत गॉज उचलून पाहायचे नाही. ही सूचना ऐकायला क्षुल्लक वाटते, परंतु घरी दिलेला दाब अयशस्वी ठरण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. रक्तवाहिनी कापली गेली की रक्तातील बिंबिका (प्लेटलेट) काही मिनिटांतच तेथे गोळा होऊन छिद्र बुजवतात. पण ही पहिली गुठळी फारच नाजूक असते. तिच्याभोवती फायब्रिनचे तंतू विणले जाऊन ती घट्ट होण्यास आणखी वेळ लागतो. दर दोन मिनिटांनी ‘थांबले का’ म्हणून गॉज उचलणारा माणूस प्रत्येक वेळी ती कोवळी गुठळी गॉजबरोबर उपटून काढतो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. असा अर्धा तास गेला की ‘अर्धा तास दाबले तरी थांबत नाही’ असे तो डॉक्टरांना सांगतो, आणि त्यात त्याला काही खोटे बोलायचे नसते.

गॉज भिजले तर ते काढू नका. त्याच्यावरच दुसरी घडी ठेवून दाब चालू ठेवा. १५ मिनिटांनंतर वरचे थर हळूच बाजूला करून पाहा आणि जखमेला चिकटलेला सर्वांत आतला थर तसाच राहू द्या. रक्त झिरपत असेल तर आणखी १५ मिनिटांची एक फेरी करा. या दुसऱ्या फेरीनंतरही रक्त येतच असेल तर घरी तिसरी फेरी न करता रुग्णालयात जा, आणि वाटेतही बोटांचा दाब सोडू नका. रक्त थेंब-थेंब न पडता धार लागल्यासारखे किंवा उसळून येत असेल तर पहिल्या फेरीचीही वाट पाहण्यात अर्थ नाही. दाब देत-देतच निघावे.

रक्त थांबावे म्हणून शिश्नाभोवती रबर, दोरा किंवा चिकटपट्टी आवळून बांधणे हा उपाय कधीही करू नका. त्याने शिरांतून परत जाणारे रक्त अडते, पुढचा भाग फुगतो, रक्तस्राव वाढतो, आणि तो बंध तसाच राहिला तर शिश्नमुंडाचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. त्याचप्रमाणे जखमेवर कोणतीही घरगुती पूड टाकू नका. तिने रक्त थांबल्यासारखे दिसले तरी टाक्यांच्या आत बाहेरचा कचरा आणि जंतू जाऊन बसतात, आणि डॉक्टरांना जखम तपासण्यापूर्वी ती खरवडून स्वच्छ करावी लागते.

किती रक्त ‘फार’ समजायचे, याबद्दल एक गोष्ट सांगणे जरूर आहे. पांढऱ्या कापडावर एक मिलिलिटर रक्तसुद्धा पसरून मोठे दिसते, आणि त्यात लघवीचे दोन थेंब मिसळले तर गुलाबी डाग आणखी पसरतो. तेव्हा डागाच्या आकारावरून घाबरू नका. ताजे लाल रक्त येऊन गॉजची जाड घडी तासाभराच्या आत आरपार भिजणे, काळसर गुठळ्या पुन्हा पुन्हा तयार होणे, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा घाम सुटून छातीत धडधडणे ही खरी चिन्हे आहेत. दिवसाकाठी पट्टीवर उमटणारे तपकिरी किंवा फिकट गुलाबी ठिपके पहिल्या आठवड्यात अपेक्षितच असतात.

पुन्हा पुन्हा रक्त येण्याची कारणे

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २४ तासांत आलेल्या रक्ताचे कारण बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच रुजलेले असते. टेबलावर रुग्ण निश्चल पडलेला असतो, रक्तदाब कमी असू शकतो आणि कापलेल्या बारीक वाहिन्या आकसून बसलेल्या असतात, त्यामुळे एखादी वाहिनी त्या वेळी रक्त सोडत नाही आणि नजरेतून सुटते. रुग्ण घरी येतो, हालचाल करतो, भूल उतरल्यावर दुखू लागते, रक्तदाब पूर्वपदावर येतो आणि ती वाहिनी उघडते. या रक्ताला दाबाने आराम पडला तर उत्तमच; परंतु ते थांबून काही तासांनी त्याच जागेवरून पुन्हा येत असेल तर तेथे एका टाक्याची गरज असण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो टाका त्याच दिवशी घालून घेणे सर्वांच्याच सोयीचे असते.

पहाटेच्या रक्ताचे कारण निराळे. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नावस्थेच्या झोपेत, रात्रीतून साधारण तीन ते पाच वेळा आपोआप ताठरता येते. तिचा मनातल्या विचारांशी किंवा संयमाशी काहीही संबंध नाही, त्यामुळे तिच्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. झोपेच्या उत्तरार्धात स्वप्नावस्थेचा काळ लांबत जातो, म्हणून ही ताठरता पहाटे अधिक वेळ टिकते. एरवी सैल असणारी त्वचा ताणली जाते, टाक्यांच्या रेषेवरची खपली मधोमध तडकते आणि काही थेंब रक्त येते. ताठरता ओसरली की ताण जातो आणि रक्त सहसा आपोआप थांबते. हे पहिल्या दहा-बारा रात्री घडत राहिले तरी, प्रमाण रोज कमी होत असेल तर, ती जखम बिघडल्याची खूण नव्हे.

ताठरता पूर्णपणे टाळता येत नाही, पण तिचा त्रास कमी करता येतो. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत पाणी कमी प्या, लघवी करूनच झोपा आणि मध्यरात्री एकदा उठून पुन्हा मूत्राशय रिकामे करा, कारण भरलेले मूत्राशय पहाटेची ताठरता वाढवू शकते. कुशीवर, गुडघे पोटाकडे ओढून झोपल्याने अनेकांना बरे वाटते. ताठरतेने जाग आली तर पडून राहू नका. उठून चार पावले चाला, लघवीला जा, दीर्घ श्वास घ्या. शिश्न हाताने खाली दाबून धरण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्याने टाक्यांवर उलट अधिक ताण येतो. ताठरतेने टाके खरोखरच तुटत असतील तर डॉक्टर काही दिवसांसाठी औषध देण्याचा विचार करू शकतात. झोपेची किंवा शांत करणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या रक्ताला बहुधा पट्टी जबाबदार असते. पहिल्या पट्टीचे गॉज रक्त आणि लस, म्हणजे जखमेतून पाझरणारा पातळ द्रव, यांनी भिजून वाळते, आणि त्याच्या जाळीच्या प्रत्येक छिद्रात खपलीचा अंश अडकतो. ते कोरडेच ओढले तर फ्रेन्युलमपाशी ते शेवटपर्यंत चिकटून राहते, त्वचा तंबूसारखी वर उचलली जाते आणि गॉज सुटताक्षणी तेथे लाल थेंब उभा राहतो. त्याऐवजी निर्जंतुक सलाईन किंवा उकळून कोमट केलेले पाणी पट्टीवर थोडे थोडे सोडत राहा आणि १०-१५ मिनिटे थांबा. गॉज जखमेच्या रेषेला समांतर, गोलाकार दिशेने सोडवा. वर किंवा बाहेर ओढू नका. एखादा तुकडा सुटतच नसेल तर त्याच्याभोवतीचे गॉज कात्रीने कापून तो तेवढा राहू द्या. एक-दोनदा त्यावर पाणी सोडल्यावर तो आपोआप निघतो. पुढच्या पट्टीला आतून व्हॅसलीनचे गॉज किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम असेल तर हा प्रश्न सहसा परत येत नाही. पहिली पट्टी केव्हा काढायची हे मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या सूचनेनुसारच ठरवा. अनेक ठिकाणी ती २४ ते ४८ तासांनी काढतात, पण पद्धतीनुसार यात फरक असतो.

सर्वांत फसवा काळ दुसऱ्या आठवड्याचा. दुखणे गेलेले असते, रेषा मिटल्यासारखी दिसते, आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. नेमक्या याच सुमारास विरघळणारे टाके सैल होऊ लागतात, आणि जखमेच्या आतली नवी ऊती अद्याप कच्ची असते. वरची त्वचा जुळणे आणि जखम मजबूत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटीसुद्धा जखमेची ताकद मूळ त्वचेच्या साधारण पंचमांश ते तृतीयांश एवढीच असते. अशा वेळी हस्तमैथुन, वजन उचलणे, सायकल, पळणे किंवा बद्धकोष्ठतेत जोर करणे यांपैकी काहीही झाले की रेषेचा एखादा भाग उसवतो आणि ताजे रक्त येते. उसवलेली फट काही मिलिमीटरचीच असेल आणि रक्त थांबलेले असेल तर ती बहुधा आतून भरून येते, पुन्हा टाका लागत नाही. फट सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठी असेल, तिच्या कडा एकमेकींपासून दूर गेल्या असतील, तर ती त्याच दिवशी दाखवा. बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष होते म्हणून मुद्दाम सांगतो: वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी शौचास कडक होते, आणि शौचाच्या वेळी कुंथल्याने ओटीपोटातला दाब वाढून जखमेतून रक्त येऊ शकते. पाणी, तंतुमय आहार आणि गरजेप्रमाणे सौम्य रेचक एवढ्याने ते टळते.

सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान आलेल्या रक्ताबरोबर दुखणे वाढलेले असेल, घाण वास किंवा पू असेल, तर तो साधा ताण समजू नये. जंतुसंसर्गाने गुठळी आणि वाहिनीची भिंत सडून होणारा रक्तस्राव याच काळात होतो, आणि त्याला दाबाबरोबर प्रतिजैविक औषधाचीही गरज असते.

यांपैकी कोणत्याही काळात रक्त वारंवार येत राहिले तर औषधांची यादी तपासा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन आणि त्यांच्यासारखी रक्त पातळ करणारी औषधे रक्तस्राव लांबवतात हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु दुखण्यासाठी सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या गोळ्याही बिंबिकांचे काम मंदावतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. रक्त येत असताना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल अधिक सुरक्षित असते, मात्र प्रौढ व्यक्तीने २४ तासांत एकूण ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि यकृताचा आजार किंवा मद्यपानाची सवय असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. हृदयासाठी किंवा मेंदूच्या झटक्यानंतर चालू असलेली गोळी स्वतःहून बंद करणे हा मात्र जखमेतल्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा धोका आहे. ती चालू असल्याचे डॉक्टरांना सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोपवा. दात काढल्यावर फार वेळ रक्त येणे, जरा लागले की मोठा काळानिळा डाग पडणे, घरात कोणाला रक्त न गोठण्याचा आजार असणे, यांपैकी काही असेल तर तेही सांगा. सौम्य स्वरूपाचा हिमोफिलिया किंवा व्हॉन विलेब्रँड आजार प्रौढ वयातल्या एखाद्या शस्त्रक्रियेनंतरच पहिल्यांदा उघडकीस येऊ शकतो.

सूज: पाण्याची आणि रक्ताची

सुंतेनंतर सूज येणे हा अपवाद नसून नियम आहे. शिश्नाच्या त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. तेथे अतिशय सैल ऊती असते, म्हणून द्रव साठायला तेथे भरपूर जागा मिळते. त्यातच गोलाकार छेद घेतल्यामुळे त्वचेतून लस परत नेणाऱ्या बारीक लसवाहिन्या पूर्ण वर्तुळात कापल्या जातात. छेदाच्या पुढे, म्हणजे टाक्यांची रेषा आणि शिश्नमुंड यांच्या दरम्यान, उरलेल्या आतल्या त्वचेच्या पट्ट्यातील लसीला मागे जाण्याचा मार्गच काही काळ उरत नाही. म्हणून तो पट्टा शिश्नमुंडाखाली फुगतो, आणि खालच्या बाजूला, फ्रेन्युलमपाशी, सर्वांत जास्त फुगतो. ही सूज साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत वाढते, दोन-तीन आठवड्यांत बरीचशी उतरते, आणि लसवाहिन्या नव्याने जुळेपर्यंत खालच्या बाजूचा फुगवटा दोन-तीन महिनेसुद्धा थोडाफार राहू शकतो. ‘महिना झाला तरी खाली गाठ आहे’ म्हणून हवालदिल होणाऱ्या रुग्णांपैकी बहुतेकांची गाठ ही एवढीच असते.

ही पाण्याची सूज ओळखता येते. ती मऊ असते, दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते, त्वचा चकचकीत आणि किंचित पारदर्शक दिसते, आणि सुजलेल्या पट्ट्यावर, टाक्यांपासून दूर, बोट हलकेच काही सेकंद टेकवून उचलले तर तेथे खळगा उमटतो. ती सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असते, कारण दिवसभर शिश्न खाली लोंबत राहिल्याने द्रव पुढच्या टोकाकडे उतरतो. पुन्हा पुन्हा चढणाऱ्या सुजेचे कोडे बहुतांशी येथेच सुटते.

उपायही त्यातूनच निघतो. शिश्न बेंबीच्या दिशेने वर करून पोटाला टेकलेले राहील अशा रीतीने अंगाबरोबर बसणारी सुती चड्डी घाला आणि पहिले दोन आठवडे, झोपतानाही, ही स्थिती कायम ठेवा. सैल अर्ध्या चड्डीत जखमेला हवा लागते आणि आराम वाटतो हे खरे आहे, पण सुजेच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट. पहिले दोन-तीन दिवस शक्य तितके आडवे राहा, नंतरही सलग तासन्‌तास उभे राहणे किंवा पाय खाली सोडून बसणे टाळा. माझ्या मते सूज कमी करण्याच्या सगळ्या उपायांत केवळ वर ठेवण्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाही होत नाही, आणि तरीही सर्वाधिक चालढकल त्याच बाबतीत होते.

बर्फाबद्दल सांगायचे तर पहिल्या ४८ तासांत त्याचा उपयोग होतो, पण जपून. बर्फ किंवा थंड पिशवी कापडात गुंडाळून चड्डीवरून, एका वेळी १० मिनिटांपेक्षा जास्त न ठेवता लावा, आणि दोन वेळांत तासाभराचे अंतर ठेवा. भुलेच्या इंजेक्शनाची बधिरता काही तास टिकते. तोपर्यंत बर्फ लावू नका, कारण त्या अवस्थेत त्वचा थंडीने भाजली तरी कळत नाही. शिश्नमुंडावर उघडा बर्फ कधीच नको.

दाबपट्टीने सूज कमी होते, पण तिचा अतिरेक उलटतो. पट्टी शिश्नाच्या मध्यावर घट्ट आणि टोकाला सैल झाली तर तिच्या पुढचा भाग जास्तच फुगतो. सूज वाढताना बाहेरची पट्टी तेवढीच राहत असल्याने सकाळी बरोबर बसलेली पट्टी रात्री आवळलेली असू शकते. शिश्नमुंडाचा रंग पाहत राहा: ते गुलाबी किंवा लालसर असावे, आणि बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत रंग परतावा. ते निळे-जांभळे किंवा फिकट, थंड आणि बधिर झाले, किंवा लघवीची धार अडली, तर पट्टी लगेच सोडा किंवा कापा आणि डॉक्टरांशी बोला. पट्टी सोडली म्हणून डॉक्टर रागावतील या भीतीने थांबू नका.

रक्ताची सूज, म्हणजे हिमॅटोमा, वेगळी दिसते. ती काही तासांतच वाढते, बहुधा एका बाजूला असते, हाताला टणक आणि ताणलेली लागते, रंगाने गर्द जांभळी किंवा काळसर असते, आणि तिच्यात ठणका असतो. पाठीवर झोपले, शिश्न वर ठेवले, तरी ती सकाळी उतरत नाही. आतली वाहिनी रक्त सोडत असते, पण त्वचा मिटलेली असल्याने बाहेर एक थेंबही येत नाही, त्यामुळे ‘रक्तस्राव नाही’ असा चुकीचा समज होतो. लहान हिमॅटोमा दोन-तीन आठवड्यांत विरघळतो. पण आकार डोळ्यांदेखत वाढत असेल, तो अंडकोषाच्या पिशवीकडे किंवा ओटीपोटाकडे पसरत असेल, किंवा ताणाने टाके उसवू लागले असतील, तर रक्त बाहेर काढून वाहिनी बांधावी लागते, आणि जितक्या लवकर ते होईल तितके बरे. सुई टोचून घरी रक्त काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

याउलट अंडकोषाच्या पिशवीवर, शिश्नाच्या मुळाशी किंवा जांघेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पसरलेला सपाट काळानिळा डाग, जर त्याखाली गाठ किंवा ताण नसेल तर, साधा असतो. वरचे रक्त ऊतींमधून खाली झिरपलेले असते. तो जांभळ्यावरून हिरवट आणि नंतर पिवळट होत दोन आठवड्यांत जातो.

स्टेपलरने सुंता झाली असेल तर एवढे ध्यानात ठेवा की बारीक पिना आणि त्यांच्यासोबतची सिलिकॉनची कडी सुजेत रुतल्यासारखी दिसते, आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत पिना एक-एक करून गळतात. अर्धवट सुटलेली पीन ओढू नका. तिच्याखालची वाहिनी अनेकदा तीच मिटवून बसलेली असते. महिना उलटूनही पिना राहिल्या तर त्या रुग्णालयात काढून घ्या.

पिवळ्या थराची भीती आणि खरा संसर्ग

टाक्यांच्या रेषेवर आणि शिश्नमुंडावर पहिल्या आठवड्यात जमणारा फिकट पिवळा, ओलसर थर अनेकांना पू वाटतो. तो बहुतेकदा फायब्रिन असतो, वास नसलेला आणि जागेला चिकटलेला. तो खरवडून काढणे म्हणजे खपली काढणे होय, आणि मग रक्त येणारच. पू वाहतो, त्याला वास असतो, आणि त्याच्यासोबत दुखणे तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढते, लाली टाक्यांपासून मागे शिश्नाच्या मुळाकडे पसरते, त्वचा गरम लागते. ३८ अंश सेल्सियसपेक्षा जास्त ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जखम स्वच्छ पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, टिपून कोरडी करा, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशके टाळा. त्यांनी जंतूंबरोबर कोवळ्या पेशीही मरतात. टबात किंवा पोहण्याच्या तलावात उतरणे जखम पूर्ण मिटेपर्यंत नको.

येथे मधुमेहाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. प्रौढ वयात अग्रत्वचा घट्ट होऊन फायमोसिस होणे आणि तेथे वारंवार बुरशीचा संसर्ग होणे हे मधुमेहाचे पहिले लक्षण असू शकते, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या काही मधुमेहाच्या औषधांनीही असा संसर्ग वाढतो. सुंता याच कारणाने झाली असेल आणि रक्तातील साखर कधी तपासलेली नसेल, तर ती आता तपासा. साखर चढलेली राहिली तर जखम सावकाश भरते, संसर्ग लवकर होतो, आणि सूज व रक्त यांचे चक्र लांबते.

डॉक्टरांना काय सांगावे

फोनवर केवळ ‘रक्त येतंय’ एवढे सांगितल्याने पलीकडच्या माणसाला काहीच ठरवता येत नाही. शस्त्रक्रियेची तारीख आणि पद्धत, रक्त कोणत्या वेळी आणि काय करताना आले, सलग किती मिनिटे दाब दिला, गॉजच्या किती घड्या भिजल्या, सूज मऊ आहे की टणक, सकाळी उतरते की नाही, शेवटची लघवी केव्हा झाली, आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे सांगा. रोज सकाळी एकाच प्रकाशात काढलेले छायाचित्र आदल्या दिवसाशी तुलना करण्यास फार उपयोगी पडते. ते फक्त उपचार करणाऱ्यांनाच दाखवा. सहा ते आठ तास लघवी झालीच नसेल आणि ओटीपोट तट्ट भरले असेल तर फोन न करता थेट तातडीच्या विभागात जा.

तेथे गेल्यावर काय होईल या भीतीने अनेक जण जाणे टाळतात. प्रत्यक्षात पट्टी भिजवून काढतात, थोडी स्थानिक भूल देतात, रक्त सोडणारी वाहिनी शोधून एक-दोन टाके घालतात किंवा तिला विद्युत उपकरणाने मिटवतात, साठलेली गुठळी असेल तर काढतात, आणि नवी दाबपट्टी बांधतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी येतात. हे काम करणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात लाजिरवाणे काही नसते, आणि रुग्णानेही तसे मानण्याचे कारण नाही.

संभोग आणि हस्तमैथुन यांसाठी सहा आठवडे थांबावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एचआयव्ही प्रतिबंधासाठी पुरुषांच्या सुंतेची शिफारस केल्यानंतर राबवल्या गेलेल्या कार्यक्रमांतही हीच मुदत सांगितली जाते, कारण न भरलेल्या जखमेतून संसर्ग होण्याचा धोकाही असतो. सहा आठवड्यांनीसुद्धा सुरुवातीला वंगण वापरा, आणि नंतरच्या दिवशी रेषेखाली थोडी सूज आली तर दोन-तीन दिवस पुन्हा विश्रांती घ्या. दर वेळी फ्रेन्युलमपाशी तीच जागा चिरून रक्त येत असेल, किंवा तीन महिन्यांनंतरही तेथला फुगवटा टणक असून कमी होत नसेल, तर तो शल्यचिकित्सकांना दाखवा. आखूड राहिलेले फ्रेन्युलम किंवा आत राहिलेली टाक्याची गाठ हे त्यामागचे कारण असू शकते, आणि दोन्हींवर लहानशी दुरुस्ती करता येते.